देणे कोरून ठेवावे



पौष वारीला निवृत्तिनाथांच्या भेटीसाठी त्र्यंबकेश्वरी जाताना नाशिक लागते. नाशिकजवळ मुंबई-आग्रा रस्त्याच्या कडेला एक डोंगर आहे. त्याचे जुने नाव त्रिरश्मी. आपण त्याला पांडवलेणी म्हणतो, पण ती लेणी बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली आहेत. तिथल्या दहाव्या लेण्याच्या ओसरीत ब्राह्मी लिपीतला एक लेख आहे. कीर्तनात आपण देवाच्या आणि भक्तांच्या कथा ऐकता, आज हा एक हिशेब ऐका.

सुमारे 1900 वर्षांपूर्वी या भागावर क्षत्रप नहपानाची सत्ता होती. त्याचा जावई उषवदात याने हे लेणे भिक्षूंना दिले. लेणे दिले, पण तिथे राहणाऱ्यांच्या वस्त्राचे काय? त्यासाठी त्याने 3000 कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, कायमची ठेव म्हणून दिली. अशा ठेवीला अक्षयनीवी म्हणत. मुद्दलाला कधी हात लावायचा नाही, व्याज तेवढे वापरायचे.

आता ही ठेव त्याने ठेवली कुठे, ते पाहा. राजाचा जावई, घरचा खजिना हाताशी. तरीही रक्कम ठेवली ती गोवर्धन नगरातल्या विणकरांकडे! हे गोवर्धन आजही नाशिकजवळ गोदावरीकाठी आहे. तिथे विणकरांच्या श्रेणी होत्या. श्रेणी म्हणजे एका धंद्यातल्या लोकांचा संघ. एका श्रेणीकडे 2000 ठेवले, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे 1000, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने.

पहिल्या ठेवीचा हिशेब मांडून बघा. महिन्याला 20, वर्षाला 240. लेखात म्हटले आहे की या लेण्यात चातुर्मास राहणाऱ्या 20 भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी 12 द्यावेत. वीस बारे दोनशे चाळीस. एक नाणे कमी नाही, एक जास्त नाही. आणि हे भिक्षू कोण? कोणाचेही नाव नाही. चारी दिशांनी येणारा जो कोणी तिथे राहील, तो. दात्याने ज्यांना पाहिलेही नाही, पुढे जे जन्माला येतील, त्यांचाही त्यात वाटा.

शेवटी लेख सांगतो की हे सारे निगमसभेत वाचून दाखवले आणि रीतीप्रमाणे फलकावर नोंदवले. निगमसभा म्हणजे नगरातल्या व्यापारी-कारागिरांची सभा. आज ती सभा नाही, तो फलकही नाही. पण नोंद खडकावर कोरली होती, म्हणून आपण ती वाचू शकतो.

पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचे राज्य घेतले. नहपानाच्या नाण्यांवर त्याने आपली मुद्रा उमटवली. 1906 साली नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला अशी नाणी हजारोंनी सापडली. आणखी पुढे आभीर राजा ईश्वरसेन आला. त्याच्या काळी विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने याच डोंगरावर आजारी भिक्षूंच्या औषधासाठी ठेव दिली. तीही श्रेणींकडेच. त्यांत कुंभार होते, तेली होते. राजे येऊन गेले, पण कारागिरांच्या शब्दावरचा लोकांचा विश्वास टिकून होता.

आता तुम्ही विचाराल, वारकऱ्याला व्याजबट्ट्याशी काय करायचे आहे? आमच्या तुकोबारायांनी तर कर्जाची खते इंद्रायणीत सोडली! खरे आहे. पण महिपतीबाबांनी सांगितलेले चरित्र नीट आठवा. भाऊ कान्होबांचा अर्धा वाटा तुकोबांनी त्यांच्या हाती दिला. बुडवले ते स्वतःचे येणे. दुसऱ्याच्या हक्काला त्यांनी हात लावला नाही. नदीत सोडायचे ते लोकांकडून आपल्याला येणे असते. धर्माचे देणे दगडावर कोरायचे असते. आपण नेमके उलटे करतो.

उलटे करणाऱ्यांत मीही आहे. आमच्या दिंडीत एका व्यापाऱ्याने एका मुक्कामाच्या पंगतीसाठी ठेव दिली होती. एका वर्षी पावसाने तंबू गेले, खर्च वाढला, आणि त्या मुद्दलाला हात लावायचे ठरले. बैठकीत मी होतो, मीही मान डोलावली. पुढच्या वर्षी भरू म्हणालो, ते भरले नाही. दाता वैकुंठवासी झाला. ठेवीची धड नोंद नव्हती, त्यामुळे विचारणारे कोणी उरले नाही. त्या मुक्कामी वारकरी आता घरून आणलेली भाकरी खातात. नारदाच्या गादीवर उभा राहून दानाचा महिमा सांगणारा मीच होतो, हे या वयात फार टोचते.

म्हणून एक विनंती. आपल्या दिंडीत, मठात, मंदिरात कोणी ठेव दिली असेल, तर प्रस्थानाआधी एकदा सर्वांसमोर ती वाचून दाखवा. कोणी दिली, किती, कशासाठी, मुद्दल जागेवर आहे का. चुकले असेल तर तेही सांगा. माझ्या वाट्याचे मी यंदा परत भरायला सुरुवात केली आहे. वीस बारे दोनशे चाळीस, हा हिशेब विणकरांना जमला, तो माळकऱ्यांनाही जमला पाहिजे.

रामकृष्णहरी.