तंजावर उपखोरे : कार्बन-साठवण आणि ऊर्जाधोरण

तंजावर उपखोरे : तमिळनाडूच्या किनारी प्रदेशाखाली असलेल्या कावेरी अवसादी खोऱ्याचा एक भाग. खनिज तेल व नैसर्गिक वायू यांच्या शोधामुळे भूवैज्ञानिकांना हे खोरे चांगले परिचयाचे आहे. कार्बन डाय-ऑक्साइड खोल खडकांत कायमचा साठवण्याच्या (कार्बन-साठवण) दृष्टीनेही आता त्याचा विचार होतो. मराठी वाचकाला ठाऊक असलेले तंजावर व्यंकोजीराजे व सरफोजीराजे यांचे. प्रस्तुत नोंद त्याच गावाच्या व परिसराच्या पायाखालच्या जमिनीविषयी आहे.

गोंडवन खंड दुभंगत असताना, ज्युरासिकच्या अखेरीस व क्रिटेशसच्या आरंभी, हे खोरे खचदरी म्हणून निर्माण झाले. ईशान्य–नैर्ऋत्य विभंगांवरून खडकांचे काही ठोकळे खाली गेले, काही उंच राहिले. कुंभकोणम–मदनम व पट्टुकोट्टै–मन्नारगुडी हे उंच राहिलेले कटक आज भाताच्या सपाट शेतांखाली दडले आहेत. वरून त्यांचा मागमूसही लागत नाही. खचलेल्या भागांत साचलेल्या गाळाची जाडी काही ठिकाणी ५ किमी.हून अधिक भरते. अरियलूरजवळ क्रिटेशस थर जमिनीवर उघडे पडले असून हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८६२ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ग्रंथमालेत त्यांचे वर्णन केले. तेथील चुनखडकावर सिमेंटचे कारखाने चालतात. चुनखडक भाजताना सुटणारा कार्बन डाय-ऑक्साइड पुरायचा झाल्यास त्याला जवळची जागा याच खोऱ्याच्या खोल थरांत आहे.

साठवणीसाठी खडक साधारण ८०० मी.पेक्षा खोल असावा लागतो. सुमारे ३१° से. तापमान व ७४ बार दाब यांच्या पुढे कार्बन डाय-ऑक्साइड द्रवासारखा दाट होतो आणि थोड्या जागेत पुष्कळ मावतो. तो सच्छिद्र वालुकाश्मातील खाऱ्या पाण्याला बाजूला सारून पसरतो. वर शेलचा अभेद्य थर असला तर अडकून राहतो. नॉर्वेने उत्तर समुद्रातील स्लाइप्नर येथे १९९६ पासून हेच केले आहे. कावेरी खोऱ्यात असे वालुकाश्म व शेल एकाआड एक आढळतात. तेल-वायू लाखो वर्षे येथे टिकून राहिले, हा झाकणाच्या भक्कमपणाचा चांगला पुरावा होय. मात्र त्याच तेलासाठी घेतलेल्या जुन्या विहिरींनी झाकणाला भोके पाडलेली आहेत. त्यांतील सिमेंटची बुचे किती टिकतील, हा प्रश्न खडकाच्या गुणधर्मांइतकाच महत्त्वाचा आहे.

भारतातील साठवणक्षमतेचा सर्वाधिक उद्‌धृत होणारा अंदाज मुंबईच्या आयआयटीतील पृथ्वीविज्ञानाचे प्राध्यापक विक्रम विशाल व त्यांचे सहकारी यांनी २०२१ मध्ये मांडला : एकूण ३९५ ते ६१४ अब्ज टन. पैकी खोल क्षारयुक्त जलधरांत २९१, बेसाल्टमध्ये ९७ ते ३१६, कोळशाच्या थरांत सुमारे ३.७ आणि तेलक्षेत्रांत सुमारे ३.४ अब्ज टन. देशाचे वार्षिक उत्सर्जन ३ अब्ज टनांच्या आसपास असल्याने आकडे दिलासादायक वाटतात, पण ती सैद्धांतिक क्षमता आहे. प्रत्यक्ष वापरता येणारी जागा विहीर खोदून तपासल्यावरच कळते. शिवाय वरच्या व खालच्या अंदाजातील सगळी तफावत एकट्या बेसाल्टची, म्हणजे मुख्यतः महाराष्ट्राच्या जमिनीची, आहे. त्या मानाने तंजावरसारखी अवसादी खोरी अधिक ओळखीची. निती आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ च्या कार्बन-साठवणविषयक अहवालातही हेच आकडे येतात. त्याच वर्षी आयआयटीत या विषयाचे राष्ट्रीय उत्कृष्टता केंद्रही स्थापन झाले.

विशाल यांचे आरंभीचे संशोधन कोळशाच्या पार्यतेवर (वायू आरपार जाऊ देण्याच्या क्षमतेवर) होते. कोळसा मिथेनपेक्षा कार्बन डाय-ऑक्साइड अधिक घट्ट धरून ठेवतो. त्यामुळे तो वायू आत सोडला की मिथेन सुटून बाहेर येतो. पण तो धरताना कोळसा फुगतो, भेगा मिटतात आणि वायूची वाट चिंचोळी होते. मन्नारगुडीखाली असलेल्या खोल लिग्नाइटच्या (तपकिरी कोळशाच्या) संदर्भात हा मुद्दा निव्वळ पुस्तकी नाही.

मन्नारगुडी परिसरात मिथेन काढण्याचा करार २०१० मध्ये एका खाजगी कंपनीशी झाला. थरातील पाणी उपसून दाब कमी केल्याखेरीज मिथेन सुटत नाही आणि कालव्यांच्या पाण्यासाठी दर वर्षी मेट्टूर धरणाकडे डोळे लावून बसणाऱ्या त्रिभुज प्रदेशात भूजल उपसण्याची कल्पनाच शेतकऱ्यांना मानवली नाही. सेंद्रिय शेतीचे पुरस्कर्ते कृषिशास्त्रज्ञ जी. नम्माळ्वार या प्रकल्पाविरुद्ध प्रचार करीत असतानाच ३० डिसेंबर २०१३ रोजी पट्टुकोट्टैजवळ निधन पावले. राज्य सरकारने २०१३ मध्ये प्रकल्प थांबवला व पुढे नाकारला. ३० जून २०१७ रोजी तंजावर जिल्ह्यातील कदिरामंगलम येथे तेलवाहिनी गळून शेतात तेल पसरले. निदर्शकांना अटक झाली आणि आंदोलन आणखी भडकले. खडकात काय आहे हे सांगणाऱ्यांवरचा गावकऱ्यांचा विश्वास त्यानंतर पार उडाला, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

फेब्रुवारी २०२० मध्ये विधानसभेने संरक्षित कृषिक्षेत्राचा कायदा केला. त्यात तंजावर, तिरुवारूर व नागपट्टिनम हे जिल्हे संपूर्ण, तर कडलूर व पुदुक्कोट्टै यांचे काही भाग आले. अरियलूर बाहेर राहिले. तेल, नैसर्गिक वायू, कोळशातील मिथेन व शेल वायू यांचे नवे अन्वेषण, वेधन व उत्खनन निषिद्ध झाले, मात्र आधीपासूनची कामे चालू राहिली. २०२३ मध्ये केंद्राच्या कोळसा-लिलावाच्या यादीत तंजावर जिल्ह्यातील वडसेरीचे नाव आले, तेव्हा मुख्यमंत्री स्टालिन यांनी पंतप्रधानांना पत्र लिहिले आणि ८ एप्रिल रोजी ते क्षेत्र लिलावातून वगळण्यात आले.

कायद्याच्या यादीत जमिनीतून वायू काढणे स्पष्टपणे आहे. जमिनीत वायू भरण्याचा मात्र स्वतंत्र उल्लेख नाही. साठवणीसाठी नवी विहीर खोदणे ‘वेधना’त मोडते की नाही आणि रिकाम्या झालेल्या जुन्या विहिरी ‘आधीपासूनच्या कामां’त धराव्यात की नाही, याचा निर्णय तसा प्रस्ताव आल्यास राज्य सरकारलाच करावा लागेल.