घराचे माप आणि कुटुंबाचे माप

घर मोठे की लहान हे नुसत्या चौरस फुटांवरून ठरत नाही. नागपुरातल्या सीताबर्डीच्या मोदी गल्ल्यांत सोळाशे चौरस फुटांचे एखादे जुने कवेलूचे घर धरा. नऊ माणसे नांदत असताना माणशी पावणेदोनशे चौरस फूट येतात आणि घर बेताचेच वाटते. मुली सासरी गेल्या, मुले पुण्या-बंगळुरात स्थिरावली आणि मागे दोन म्हातारी माणसे उरली की माणशी आठशे होतात. भिंती त्याच, दारे तीच. पण आता ते घर मोठे झाले. म्हणून या विवेचनात मोठे घर म्हणजे राहणाऱ्यांच्या गरजेपेक्षा आणि कुवतीपेक्षा ज्याचा पसारा जास्त आहे, ते घर.

मुद्दा असा की घराची बहुतेक ओझी क्षेत्रफळाच्या हिशेबाने वाढतात, तर सुख मिळते ते माणसांच्या हिशेबाने. आपण घर बांधतो कुटुंब सर्वांत भरलेले असते त्या दहा-पंधरा वर्षांच्या मापाने, आणि राहतो मात्र पन्नास-साठ वर्षे. तोटे येतात ते या विसंगतीतून.

सीताबर्डीत हे ठळकपणे दिसते. १८१७ च्या लढाईने गाजलेल्या टेकडीच्या पायथ्याशी वाढलेली ही वस्ती आज शहराची मुख्य बाजारपेठ आहे आणि मेट्रोच्या दोन्ही मार्गिका इथेच एकमेकींना मिळतात. जागा अरुंद दर्शनाच्या आणि खोलवर गेलेल्या. पुढे दुकान, मागे किंवा वर राहते घर, ही इथली जुनी रीत. त्यात भर नागपूरच्या उन्हाळ्याची. २३ मे २०१३ रोजी इथे ४७.९ अंश तापमान नोंदले गेले. पहिले ओझे या उन्हाचेच.

नागपुरी घराचा उन्हाळा कूलरवर निघतो. एप्रिलात खिडकीबाहेरच्या लोखंडी स्टँडवर डेझर्ट कूलर चढतो, जुन्या ताट्या काढून नवी खस किंवा वूडवूल भरली जाते, पंप तपासला जातो. पाण्याची वाफ होताना ती हवेतली उष्णता शोषून घेते, एवढेच त्यामागचे शास्त्र. पण ही थंड हवा साठवता येत नाही. खोलीतली हवा सतत बाहेर ढकलली गेली आणि नवी आत आली तरच गारवा टिकतो. दर दोन मिनिटांनी सगळी हवा बदलावी असे धरू. बारा बाय दहाची, दहा फूट उंचीची खोली १२०० घनफुटांची होते. वीस बाय पंधराचा, चौदा फूट उंचीचा दिवाणखाना ४२०० घनफुटांचा. बाहेरची ४३ अंशांची हवा २६-२७ अंशांवर आणायची तर माझ्या हिशेबाने लहान खोलीला ताशी सुमारे ८ लिटर पाणी लागते, दिवाणखान्याला सुमारे २८. दिवसाला दहा तास कूलर चालला तर ८० विरुद्ध २८० लिटर. शहरी पाणीपुरवठ्याचे मानक माणशी रोज १३५ लिटरचे आहे. म्हणजे एक दिवाणखाना दोन माणसांच्या वाट्याचे पाणी पितो, आणि बसायला त्यात दोनच माणसे असतात. हे पाणी मुख्यतः पेंचहून येते आणि उन्हाळ्यातच त्याची ओढ लागते. वीज वेगळी. दर आठवड्याला टाकी घासून डासांच्या अळ्या काढणे तेही वेगळे.

खोलवर गेलेल्या घरात आणखी एक अडचण असते. मधल्या खोल्यांना बाहेरची भिंतच नसते. तिथे कूलर बसवायला खिडकी नाही आणि हवा बाहेर जायला वाट नाही. नुसता दमटपणा साचतो. दर्शनी बाजू दुकानाला गेली की पुढून येणारा वाराही बंद. मग क्षेत्रफळ कागदावर सोळाशे आणि मे महिन्यात राहण्याजोगे चारशे, अशी स्थिती होते.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की जुने वाडे किती थंड असत! हे खरे आहे, पण तो गारवा आकारातून येत नाही. मातीविटांची जाड भिंत दुपारचे ऊन आत पोचायला कित्येक तास लावते, आणि उंच छताखाली तापलेली हवा डोक्याच्या वर राहते. मधल्या चौकातून ती वर निघून जाते. हे गुण भिंतीचे आणि रचनेचे आहेत. शंभर-सव्वाशे चौरस फुटांच्या खोलीलाही ते देता येतात. शिवाय तीच जाड भिंत साठवलेली उष्णता रात्री परत देते, म्हणून तर वाड्यातली माणसे आतल्या खोल्या सोडून गच्चीवर आणि अंगणात झोपत.

दुसरे ओझे छपराचे. नागपुरात वर्षाला साधारण हजार मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो. सोळाशे चौरस फुटांच्या छपरावर तो जवळजवळ दीड लाख लिटर होतो, आणि त्यातला प्रत्येक थेंब कवेलूवरून खाली उतरावा लागतो. दरवर्षी मृगापूर्वी कवेलू फेरायचे, फुटलेले बदलायचे. हे काम जाणणारे कारागीर कमी होत चालले आहेत आणि मजुरी छपराच्या मापाने द्यावी लागते, खाली झोपणाऱ्या डोक्यांच्या मापाने नाही. पैसा अपुरा पडला की माणूस राहत्या खोल्यांवरचे छप्पर तेवढे नीट करतो. मग बंद खोलीत पाणी झिरपते, वाशाला ओल धरते, वाळवी लागते. आणि वासा बंद खोलीतून राहत्या खोलीवरही आलेला असतो. न वापरलेली खोली म्हणजे वाचलेला खर्च, हा समज इथे साफ चुकतो.

श्रमांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ते घरोघरी माहीत आहे आणि तरी हिशेबात धरले जात नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यावरचा वेळ दिवसाला सरासरी २९९ मिनिटे निघाला, पुरुषांचा ९७. घर मोठे घ्यायचे ठरवताना शब्द बहुधा पुरुषाचा चालतो आणि केरफरशी वाढते ती स्त्रीची. सत्तरीतल्या बाईला स्वयंपाकघर एका टोकाला आणि संडास परसदारी, हे अंतर रात्री जीवावर बेतू शकते.

पण मोठ्या घराचा सर्वांत खोल दोष मला वाटण्यांमध्ये दिसतो. वीस फूट दर्शन आणि ऐंशी फूट खोली असलेल्या जागेचे चार समान तुकडे पाडून दाखवा. उभे पाडले तर प्रत्येकाला पाच फुटांची बोळ; आडवे पाडले तर एकाला रस्त्यावरचे दुकान आणि तिघांना अंधार. जिना एक, विहीर एक, नळजोडणी एक. सीताबर्डीत दर्शनी फुटाचा आणि मागच्या फुटाचा भाव इतका वेगळा आहे की क्षेत्रफळाची समता ही न्यायाची समता होतच नाही. कायद्याला हे ठाऊक आहे. १८९३ च्या विभाजन अधिनियमाप्रमाणे, वाजवी वाटणी होत नसेल तर न्यायालय मालमत्ता विकून पैसे वाटू शकते. आणि एखाद्या वारसाने राहत्या घरातला हिस्सा परक्याला विकला व तो परका वाटणी मागू लागला, तर घरच्यांना तो हिस्सा विकत घेण्याची संधी मिळते. पण घर मोठे आणि मोक्याचे असले की हिस्सा विकत घेण्याइतका पैसा घरच्यांकडे नसतो.

मुलींची बाब याहून कठोर होती. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याचे कलम २३ असे होते की, कुटुंबाने पूर्णपणे व्यापलेल्या राहत्या घराची वाटणी पुरुष वारस करायला निघेपर्यंत स्त्री वारसाला ती मागता येत नसे. ९ सप्टेंबर २००५ पासून हे कलम गेले. तोवर वाडा एकत्र ठेवल्याचा मोठेपणा भावांचा आणि त्याची किंमत बहिणींनी भरलेली, असे होऊ शकत होते. एकत्र घराच्या आठवणी लिहिताना आपण ही बाजू वगळतो.

मग जास्तीच्या खोल्या भाड्याने द्याव्यात, हा उपाय दिसतो तितका सोपा नव्हता. मध्यप्रांत-वऱ्हाडाच्या १९४९ च्या घरभाडे नियंत्रण आदेशाखाली भाडी बांधली गेली. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाने वर्षाला चार टक्के वाढ दिली. चाळीस रुपयांची जुनी खोली या दराने पंचवीस वर्षांनंतरही शंभर-सव्वाशेच्या पुढे जात नाही. त्यातून कवेलूही फेरले जात नाहीत. भाडेकरूचे संरक्षण मी चुकीचे मानत नाही, कारण त्यालाही डोक्यावर छप्पर हवे असते. पण घरमालकाने जास्तीच्या जागेवर विसंबून राहावे, असा तो आधार राहिला नाही.

म्हणून घर जितके लहान तितके चांगले, असे मात्र म्हणता येणार नाही. राष्ट्रीय इमारत संहिता एकाच खोलीच्या घरासाठीही किमान साडेनऊ चौरस मीटर क्षेत्र आणि पावणेतीन मीटर उंची मागते. त्याखाली क्षयाचा संसर्ग, मुलांचा अभ्यास, नवराबायकोचा एकांत, सगळेच प्रश्न उभे राहतात. इथून पाऊणशे किलोमीटरवरच्या सेवाग्रामात १९७८ साली विचारवंत इव्हान इलिच यांनी गांधीजींच्या माती, लाकूड आणि कवेलूच्या बापूकुटीचा अर्थ लावला होता. मला त्या कुटीत महत्त्वाचे वाटते ते तिचे लहानपण नव्हे. तिथे प्रत्येक कोपरा वापरात होता, आणि दुरुस्ती गावातल्या माणसाला गावातल्याच मालाने करता येत होती.

घर लहान किती असावे यापेक्षा ते वेगळे करता येण्याजोगे किती आहे, हा प्रश्न म्हणूनच अधिक कामाचा. सीताबर्डीत आज जुनी घरे पाडून मजले चढत आहेत. तिथे एका कुटुंबासाठी अडीच हजार फुटांचा एकसंध मजला बांधण्यापेक्षा स्वतंत्र जिन्याचे, स्वतंत्र नळाचे आणि मीटरचे दोन भाग करून मधे बंद करता येणारे दार ठेवले, तर भरल्या घरात दार उघडे राहील. म्हातारपणी एक भाग लेखी मुदतीच्या कराराने देता येईल. आणि वारसांना वाटणी करायची वेळ आली तर प्रत्येकाच्या हाती स्वतःचा दरवाजा असलेली खोली पडेल. वास्तुविशारदाकडे पहिल्या भेटीत खोल्यांची संख्या सांगण्याआधी हा जिना आणि ही नळजोडणी कागदावर काढून घ्यावी.