स्वस्त साधनांचा सूर : घरगुती संगणकावरील संगीताचा इतिहास

इलेक्ट्रॉनिक संगीताचा इतिहास बहुतेक वेळा यंत्रांच्या नावांनी सांगितला जातो. मूग, फेअरलाइट, ज्युपिटर-८ अशी नावे येतात आणि ती वाजवणाऱ्या नामवंतांची छायाचित्रे सोबत येतात. ज्यांना ही यंत्रे परवडणारी नव्हती त्यांनी काय केले, हा इतिहास मात्र तुकड्यातुकड्यांनीच लिहिला गेला आहे. आज कोल्हापूरच्या किंवा परभणीच्या एखाद्या मुलाला जुन्या लॅपटॉपवर संगीत करायचे असेल, तर त्याच्या उपयोगाचा इतिहास हा दुसरा आहे. ‘सुरुवातीला कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, आणि कमी पैशांत काय मिळेल?’ हा त्याचा पहिला प्रश्न असतो. हाच प्रश्न गेली चाळीस वर्षे वेगवेगळ्या देशांतल्या मुलांनी विचारला. त्यांना मिळालेली उत्तरे तपासली, की ‘स्वस्त’ या शब्दाचा अर्थ केवळ किमतीपुरता उरत नाही.

संस्थांच्या भिंतींआड

संगणकाने आवाज निर्माण करण्याचा पहिला महत्त्वाचा प्रयोग १९५७ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेचे अभियंते मॅक्स मॅथ्यूज यांनी केला. त्यांच्या ‘म्युझिक’ या प्रोग्रॅमवर न्यूमन गटमन यांची सतरा सेकंदांची रचना आयबीएम ७०४ या संगणकाने वाजवली. तो संगणक एक खोली भरेल एवढा होता. व्यक्तीच्या मालकीचा असा संगणक त्या काळी नव्हताच. संगीत करायचे तर आधी संस्थेत प्रवेश मिळवावा लागे.

भारतातही सुरुवात अशीच झाली. अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये १९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर असलेला स्टुडिओ उभारून दिला. गीता साराभाई, अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा यांनी तिथे काम केले. काही वर्षांत स्टुडिओ थांबला आणि ध्वनिफिती संग्रहात पडून राहिल्या. त्यांतली निवडक रेकॉर्डिंगे प्रसिद्ध झाली ती २०२३ साली, म्हणजे अर्धशतकाने. साधन संस्थेत असले आणि संस्थेबाहेर त्याची वाट नसली, की परंपरा तयार होत नाही, याचे हे आपल्याकडचे उदाहरण.

१९७९ साली सिडनीच्या पीटर व्होगेल आणि किम रायरी यांनी फेअरलाइट सीएमआय बाजारात आणले. खऱ्या जगातला आवाज टिपायचा, म्हणजे ‘सॅम्पल’ करायचा, आणि तो पट्ट्यांवर वाजवायचा, ही सोय त्यात होती. पण त्याची किंमत घराच्या किमतीशी तोलली जाई. कल्पना सर्वांना दिसली, हाताला मात्र मोजक्यांच्याच लागली.

फसलेल्या यंत्राची दोन आयुष्ये

स्वस्ताईचा पहिला मोठा अपघात रोलँड या जपानी कंपनीच्या टीबी-३०३ या छोट्या यंत्राने घडवला. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला बेसची साथ मिळावी म्हणून १९८१ साली ते निघाले. त्याचा आवाज खऱ्या बेससारखा नव्हता आणि त्यात सुरावट भरणे किचकट होते. १९८४ साली उत्पादन बंद झाले आणि यंत्रे जुन्या बाजारात पडेल भावाने मिळू लागली. शिकागोतल्या ‘फ्यूचर’ या गटाने असेच एक यंत्र घेऊन त्याच्या खुंट्या भलत्याच रीतीने पिळल्या. १९८७ साली आलेल्या त्यांच्या ‘ॲसिड ट्रॅक्स’पासून ‘ॲसिड हाउस’ हा प्रकार रुजला.

या कथेला मुंबईचा एक आधीचा अध्याय आहे. हिंदी चित्रपटसंगीतात वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ साली टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ ही तीन यंत्रे जोडून ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही तबकडी केली. टीबी-३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. तिच्यामुळे रागातली मींड यंत्राला थोडीफार साधली. तबकडी तेव्हा फारशी विकली गेली नाही. २०१० साली ती पुन्हा निघाली तेव्हा शिकागोच्या पाच वर्षे आधी मुंबईत जवळपास तसाच नाद घुमला होता, हे जगाच्या लक्षात आले.

दोन्ही शहरांत यंत्र तेच होते, तरी परिणामांत मोठा फरक पडला. चरणजित सिंग अनुभवी व्यावसायिक वादक होते आणि तिन्ही यंत्रे त्यांनी नवी असताना वापरली. त्यांच्यामागे त्या यंत्रांवर हात बसवणारी दहा मुले नव्हती. शिकागोत यंत्र पडेल भावाने मिळत होते, म्हणून एकाचे ऐकून दुसऱ्याने तेच घेतले आणि त्यातून घराणे म्हणावे तशी शैली तयार झाली.

चार वाटा, चौसष्ट ओळी

१९८३ साली ‘मिडी’ हे प्रमाण ठरले आणि वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रे एकमेकांशी बोलू लागली. डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी यांनी त्यासाठी पुढाकार घेतला आणि वापरासाठी शुल्क ठेवले नाही. पण मिडी म्हणजे नुसत्या सूचना : कोणता स्वर, किती जोरात, किती वेळ. आवाज देणारे यंत्र वेगळे विकत घ्यावेच लागे.

हा खर्च टाळण्याची युक्ती एका घरगुती संगणकाने दिली. कमोडोर कंपनीच्या अमिगात ‘पॉला’ नावाची चिप होती. ती सॅम्पल केलेले चार आवाज एकाच वेळी वाजवू शके. १९८७ साली कार्स्टन ओबार्स्की या जर्मन तरुणाने त्यासाठी ‘अल्टिमेट साउंडट्रॅकर’ हा प्रोग्रॅम लिहिला. पडद्यावर चार उभे रकाने, प्रत्येकात वरून खाली चौसष्ट ओळी. ओळीत स्वराचे नाव, सॅम्पलचा क्रमांक आणि स्वराचे काय करायचे याची खूण लिहायची. ओळी खालून वर सरकत आणि लिहिलेले वाजू लागे. स्टाफ नोटेशन यायची गरज नव्हती, पियानोही लागत नसे. टाइप करता येणे पुरेसे होते.

आपल्याकडच्या वाचकाला ही मांडणी परकी वाटू नये. प्रत्येक मात्रेला चार ओळी दिल्या तर चौसष्ट ओळींत सोळा मात्रांचा तीनताल नेमका बसतो. सात मात्रांचा रूपक हवा असेल तर मात्रेला आठ ओळी देऊन छप्पन्नाव्या ओळीवर ‘पुढच्या पानावर जा’ अशी खूण करायची. भातखंड्यांच्या स्वरलिपीत मात्रांचे रकाने आडवे असतात, इथे ते उभे झाले एवढेच. एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकण्याचीही खूण असल्यामुळे मींडेचा आभास निर्माण करता येई.

विक्रीचा माल म्हणून साउंडट्रॅकर फारसा चालला नाही. पण इतरांनी तो उकलून पाहिला, त्यात भर घातली आणि सुधारलेल्या आवृत्त्या वाटल्या. स्वीडनमधून १९८९ साली नॉइजट्रॅकर आला, पुढच्या वर्षी प्रोट्रॅकर. पंधरा सॅम्पलच्या जागी एकतीस बसू लागली. ही गाणी ज्या ‘मॉड’ फाइलीत साठत, तिच्यात स्वर आणि आवाज दोन्ही एकत्र असत. कोणाचेही गाणे आपल्या ट्रॅकरमध्ये उघडले, की ठेका कसा लिहिला, बेस कुठे थांबवला, एकाच रकान्यात दोन वाद्ये कशी कोंबली, हे ओळीगणिक दिसे. सॅम्पलच्या नावांच्या जागी मुले मित्रांना निरोप लिहीत. टपालाने फ्लॉप्या फिरत आणि दूरच्या अनोळखी मुलाकडून विद्या मिळे.

या मुलांचे संगीत हौसेपुरतेच राहिले असे नाही. ‘अर्बन शेकडाउन’चे ‘सम जस्टिस’ हे १९९२ चे गाणे अमिगांवर तयार झाले आणि ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पोहोचले. ज्या ‘डेमोसीन’ या हौशी चळवळीत ट्रॅकर वाढले, तिची नोंद फिनलंडने २०२० साली आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशात केली.

फुकटाची किंमत

पीसीवर हीच परंपरा १९९४ च्या फास्टट्रॅकर २ ने आणि पुढच्या वर्षीच्या इम्पल्स ट्रॅकरने चालवली. इम्पल्स ट्रॅकरचा कर्ता जेफ्री लिम ऑस्ट्रेलियातला. प्रोग्रॅम त्याने फुकट दिला. गाणे स्टिरिओ वेव्ह फाइलीत उतरवण्याच्या जोडणीसाठी मात्र थोडे पैसे ठेवले. ती जोडणीही लोकांनी चोरून वाटली आणि त्याने विकास थांबवत असल्याचे जाहीर केले. पुढे २०१४ साली त्याने मूळ कोडही खुले केले. एकट्या माणसाच्या उदारपणावर चालणारी साधने किती नाजूक असतात, ते यातून दिसते.

नव्वदीच्या उत्तरार्धात घरचा पीसी इतका वेगवान झाला, की सिंथेसायझरच सॉफ्टवेअर म्हणून चालू लागला. स्टाइनबर्ग कंपनीने १९९६ साली व्हीएसटी ही जोडणीची पद्धत आणली आणि इतर प्रोग्रॅमरांनाही वापरू दिली. त्यामुळे हौशी मंडळींनी केलेली फुकट वाद्ये अफाट संख्येने तयार झाली. १९९७ साली प्रॉपेलरहेड या स्वीडिश कंपनीच्या ‘रीबर्थ’ने टीबी-३०३ चा आवाज संगणकात आणला. तोवर मूळ यंत्राचे भाव गगनाला भिडले होते. एकेकाळी पडेल भावाने विकले जाणारे यंत्र संग्राहकांची वस्तू झाले आणि त्याची नक्कल गरिबाघरी आली.

याच सुमारास बेल्जियमच्या इमेज-लाइन कंपनीसाठी दिदिए दांब्राँ यांनी ‘फ्रूटीलूप्स’ लिहिले. आडव्या रांगेत सोळा चौकोन, हवे तिथे टिचकी मारली की ठेका तयार. २००३ साली त्याचे नाव एफएल स्टुडिओ झाले. त्याच वर्षी ‘नाइन्थ वंडर’ या निर्मात्याने फ्रूटीलूप्सवर केलेले एक गाणे जे-झीच्या ‘द ब्लॅक अल्बम’मध्ये आले आणि ‘खेळण्यातले सॉफ्टवेअर’ हा शिक्का पुसला गेला. एकदा विकत घेतले की पुढच्या आवृत्त्या विनामूल्य, हे धोरण या कंपनीने कायम ठेवले.

महाराष्ट्रात गणेशोत्सवाच्या, जयंतीच्या आणि वरातीच्या मिरवणुकांत वाजणारी रिमिक्स गाणी करणाऱ्यांत एफएल स्टुडिओ फार रुळलेला आहे. भीमगीतांपासून कोळीगीतांपर्यंत सगळे त्यातून जाते. मिरवणुकीतल्या आवाजाच्या भिंतींवर टीका होते आणि ती रास्तच आहे. पण संगीतशाळेत न गेलेल्या मुलांनी कमी साधनांत संपादन, ताल जुळवणे आणि आवाजांची सरमिसळ ही कौशल्ये कमावली, याची नोंद आपल्या संगीतसमीक्षेने क्वचितच घेतली. यांच्यातही प्रोजेक्ट फाइली एकमेकांना देण्याची पद्धत आहे. मॉड फाइलींची जुनी शाळा इथे वेगळ्या नावाने भरते. यातल्या अनेकांनी सुरुवात चोरीच्या प्रतीवर केली, हेही लपवण्यात अर्थ नाही. कायदा बाजूला ठेवला तरी त्यात शिकणाऱ्याचेच नुकसान असते. कुलूप तोडलेल्या प्रतीबरोबर व्हायरस येऊ शकतो आणि संगणक बदलताना स्वतःचेच काम उघडेलच, याची खात्री उरत नाही.

निवडताना काय पाहावे

एकविसाव्या शतकात चोरीची गरज कमी झाली. ऑडॅसिटी २००० पासून फुकट आहे. ती मुख्यतः ध्वनिमुद्रणासाठी आणि काटछाटीसाठी. २००४ साली सुरू झालेले एलएमएमएस मुक्त सॉफ्टवेअर आहे आणि त्याची मांडणी फ्रूटीलूप्सच्या वळणाची आहे. ॲपलने त्याच वर्षी गॅरेजबँड आणले, पण त्यासाठी ॲपलचाच संगणक किंवा फोन लागतो, म्हणजे खर्च दुसऱ्या दाराने येतो. विनॅम्पचे कर्ते जस्टिन फ्रँकेल यांचे ‘रीपर’ साठ दिवस पूर्ण स्वरूपात वापरून पाहता येते. त्यानंतर वैयक्तिक वापरासाठी साठ डॉलर द्यायचे असतात. जुन्या ट्रॅकरांचा वारसा ‘ओपनएमपीटी’ आणि ‘शिझम ट्रॅकर’ यांनी फुकट सांभाळला आहे.

फुकटाचे वचन मात्र नीट वाचावे. केकवॉक हे १९८७ पासूनचे सॉफ्टवेअर गिब्सन कंपनीने २०१७ साली बंद केले. सिंगापूरच्या बँडलॅबने ते घेऊन २०१८ साली सर्वांना फुकट दिले आणि २०२३ साली ती आवृत्ती थांबवून तिच्या जागी नवी उत्पादने आणण्याची घोषणा केली. कंपनीने दिलेली भेट कंपनी परतही घेऊ शकते. मुक्त परवान्याच्या सॉफ्टवेअरचा विकास मंदावू शकतो, पण हाती आलेली प्रत कोणी काढून घेत नाही. एफएल स्टुडिओच्या चाचणी आवृत्तीत काम साठवता येते, पण परवाना घेईपर्यंत ते पुन्हा उघडता येत नाही. शिकण्याआधी असे नियम माहीत असलेले बरे.

या इतिहासातून नवशिक्यासाठी तीन कसोट्या निघतात. पहिली : आपल्याकडे आहे त्याच संगणकावर ते चालते का? अमिगाची मुले घरात होते त्यावरच शिकली. दुसरी : इतरांची कामे आत उघडून पाहता येतात का? शिकवणीची फी इथे वाचते. तिसरी : दहा वर्षांनी आपले काम उघडेल का? १९८७ च्या मॉड फाइली आजही ओपनएमपीटीत वाजतात, कारण त्यांची रचना सर्वांना माहीत आहे. ज्या सॉफ्टवेअरबद्दल हे सांगता येत नाही, त्यात काम करताना प्रत्येक ट्रॅक वेगळा वेव्ह फाइलीत उतरवून ठेवावा आणि स्वरांची मिडी फाइलही जवळ ठेवावी.

या कसोट्या लावल्या तर ठेक्याची आवड असणाऱ्याने एलएमएमएसपासून आणि ओळीगणिक लिहून समजून घेणाऱ्याने ओपनएमपीटीपासून सुरुवात करावी. ज्याला पेटी-तबला मुद्रित करून त्यावर यंत्राचे सूर चढवायचे आहेत, त्याला रीपर सोयीचे. यांपैकी कोणतेही एक घेऊन वर्षभर बदलू नये. चार वाटा आणि पंधरा सॅम्पल यांच्या मर्यादेत एका पिढीने काय केले, ते वर आलेच आहे. आपल्या पहिल्या पिढीच्या अहमदाबादच्या ध्वनिफिती पन्नास वर्षांनी हाती आल्या. आज घरोघरच्या लॅपटॉपवर होणारे काम तरी आपण उघडता येईल अशा रूपात जपून ठेवायला हवे.