केसभर सरकणारा आस



इतिहास म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे गड, तोफा आणि तह उभे राहतात. आज ज्या इतिहासाविषयी मी बोलणार आहे, त्यातील सारी लढाई अर्ध्या मिलिमीटरच्या आत झालेली आहे. तरीही तिच्या निकालावर यंत्रघरातल्या माणसांचे प्राण अवलंबून असतात.

बैलगाडीच्या आसाच्या टोकाला एक खीळ असते. ती गळून पडली की चाक फिरता फिरता बाहेर निसटते, हे प्रत्येक गाडीवान जाणतो. वाफेच्या टर्बाइनलाही अशीच भीती असते. वाफ पात्यांना फिरविते, त्याचबरोबर साऱ्या आसाला एका अंगाला रेटतेही. चार्ल्स पार्सन्स यांनी १८८४ साली इंग्लंडात आपले पहिले टर्बाइन बांधले. ते मिनिटाला सुमारे १८,००० फेरे घेई. त्यात त्यांनी वाफ मधोमध सोडून दोन्ही टोकांकडे वाहू दिली, म्हणजे एका बाजूचा रेटा दुसऱ्या बाजूच्या रेट्याने तोलला जावा. म्हणजे हा शत्रू यंत्राच्या जन्मापासूनच ओळखीचा होता.

यंत्रे मोठी झाली तसा उरलेला रेटा झेलणारे थ्रस्ट बेअरिंग महत्त्वाचे ठरले. ऑस्ट्रेलियात मिशेल यांनी १९०५ साली आणि अमेरिकेत किंग्जबरी यांनी स्वतंत्रपणे एकच युक्ती काढली. आसावरच्या कॉलरसमोर किंचित कलू शकणाऱ्या गाद्या बसवावयाच्या, म्हणजे फिरण्यानेच तेल पाचरीसारखे मध्ये शिरते आणि धातूला धातू लागत नाही. १९१२ साली अमेरिकेतील सस्क्वेहॅना नदीवरच्या होल्टवुड वीजकेंद्रात किंग्जबरींचे बेअरिंग बसले, आणि या कल्पनेवर लोकांचा विश्वासही बसला.

परंतु तेलाचा हा थर केसाहूनही पातळ. तो तुटला तर गादीवरचा बॅबिट नावाचा मऊ धातू पाहता पाहता वितळतो, आस पुढे सरकतो आणि फिरती पाती स्थिर भागांवर घासू लागतात. मग उरतात ते काही क्षण. प्रश्न असा, की हे सरकणे कळावयाचे कसे?

पूर्वी परतणाऱ्या तेलाची उष्णता पाहत. पण सगळ्या गाद्यांचे तेल एकत्र मिसळून बाहेर येते. ते तापल्याचे कळेपर्यंत बहुधा उशीर झालेला असे. काही यंत्रांत कॉलरवर तेलाची बारीक धार सोडून, फट वाढली की तिचा दाब कसा बदलतो, ते पाहत. युक्ती चांगली होती. पण कॉलर नेमकी किती सरकली याचा आकडा ती देईना. आणि सतत फिरणाऱ्या पोलादाला स्पर्श करून मोजावे, तर मोजणारे टोकच झिजून जाणार.

उत्तर शंभर वर्षांपूर्वीच्या विज्ञानात दडलेले होते. १८५५ साली फ्रान्समधील फूको यांनी दाखविले होते, की चुंबकीय क्षेत्रात धातू फिरविला तर त्यात विजेचे भोवरे उठतात व धातू तापतो. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेतील डोनाल्ड बेंटली यांनी नव्यानेच हाती आलेल्या ट्रान्झिस्टरच्या साहाय्याने या भोवऱ्यांना कामाला लावले. १९६१ साली त्यांनी आपला उद्योग नेवाडातील मिंडेन या लहान गावी नेला. त्यांच्या शोधक कांडीच्या टोकाशी तारेचे एक वेटोळे असते. त्यातून वेगाने उलटसुलट होणारी वीज खेळते. समोरचे पोलाद जितके जवळ, तितके भोवरे बळकट आणि तितकी वेटोळ्यातील शक्ती अधिक खर्च होते. त्यावरून अंतर कळते. स्पर्श नाही, झीज नाही, मध्ये तेल आले तरी हरकत नाही. एका मिलिमीटरला सुमारे ७.८७ व्होल्ट, असे या भाषेचे व्याकरण ठरून गेले.

येथे गोष्ट संपली असे वाटेल. पण खरा प्रश्न येथूनच सुरू होतो. पहारेकऱ्याने खोटीच आरोळी ठोकली तर? धावते यंत्र एकाएकी थांबले की कारखाना बंद, गाव अंधारात. असे दोनचार वेळा झाले, की माणूस वैतागून पहारेकऱ्याचे तोंडच बांधतो. आणि मग खरा चोर येतो तेव्हा घर मुके असते! अमेरिकेतील पेट्रोलियम संस्थेने १९७६ साली या मापनासाठी नियमावली काढली. ६७० हा तिचा क्रमांक. आस सरकल्याची साक्ष देण्यास दोन शोधक असावेत आणि दोघांचे एकमत झाले तरच यंत्र थांबवावे, हा रिवाज या नियमावलीने रूढ केला. न्यायालयातील शहाणपण यंत्रशाळेत आले म्हणा ना!

आणखी एक गोष्ट सांगून थांबतो. हा शोधक बसविताना यंत्र थांबवून आस मागेपुढे ढकलतात व त्याची मोकळीक मोजून शून्य ठरवितात. ते शून्य चुकीचे ठरविले, तर उत्तम शोधकही इमानेइतबारे खोटेच सांगत राहतो. कोराडी-चंद्रपूरच्या केंद्रांत मिनिटाला ३,००० फेरे घेणारे आस आज आपले दिवे लावीत आहेत. आपल्या घरी दिवा लागतो तेव्हा पार्सन्स, फूको, बेंटली यांचे ऋण मानावेच. पण हातात मापन घेऊन ते शून्य दोनदा तपासणाऱ्या अनामिक कारागिराचेही ऋण मानावे. यंत्राचा पहारा कितीही सावध असो, त्याला खरे बोलावयास शिकविणारा माणूसच असतो.