महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम, १९७७

ग्रामीण भागात अंगमेहनतीचे काम मागणाऱ्या प्रौढ व्यक्तीस रोजगाराचा कायदेशीर हक्क देणारा राज्याचा कायदा. १९७२ च्या दुष्काळात धाराशिवसह (तत्कालीन उस्मानाबाद) मराठवाड्यात खडी फोडणे, पाझर तलाव, नालाबांध अशी कामे निघाली. त्या अनुभवातून रोजगार हमी योजनेला बळ मिळाले. तिचे प्रवर्तक वि. स. पागे हे विधान परिषदेचे सभापती होते.

असा कायदा करण्यासाठी पहिल्या वाचनात विधेयक सभागृहात मांडले जाते. दुसऱ्या वाचनात तत्त्वांवर व कलमवार चर्चा होऊन दुरुस्त्या मतास टाकल्या जातात. तिसऱ्या वाचनात ते संमत होते. राज्याच्या एकत्रित निधीतून खर्च होणार असल्यास विचारार्थ घेण्यापूर्वी राज्यपालांची शिफारस लागते. दोन्ही सभागृहांत मतभेद झाल्यास संयुक्त बैठकीची तरतूद राज्यात नाही. अंतिम शब्द विधानसभेचाच राहतो. रोजगार हमीचे विधेयक विधिमंडळाने १९७७ मध्ये संमत केले. राष्ट्रपतींच्या संमतीनंतर ते १९७८ चा महाराष्ट्र अधिनियम क्रमांक २० ठरले व २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आले. मागणीनंतर पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास बेरोजगार भत्ता देय असतो. योजनेच्या खर्चासाठी १९७५ पासून व्यवसाय कर आकारण्यात येतो.