स्मार्ट वीजमीटर करार

वीज वितरण कंपनी आणि मीटर-सेवा पुरवठादार यांच्यातील दीर्घ मुदतीचा करार. भारतात 2021 च्या सुधारित वितरण क्षेत्र योजनेमुळे (आरडीएसएस) तो रूढ झाला. मीटर, संपर्कजाळे व संगणकप्रणाली यांवरचा बहुतांश भांडवली खर्च पुरवठादार करतो; कंपनी त्याला दर मीटरमागे मासिक शुल्क देते. भिंतीवर मीटर लागला म्हणून पैसे सुरू होत नाहीत; त्याचे वाचन प्रणालीत ठरल्या वेळी पोहोचावे लागते, अन्यथा शुल्कात कपात होते. ग्राहकांच्या ऑनलाइन भरण्यातून हे शुल्क थेट वळते होते. पुरवठादाराला त्यामुळे वसुलीची हमी मिळते, ग्राहकाला मात्र करारात स्थान नाही, ही त्याची गंभीर उणीव. महाराष्ट्रात प्रीपेड (आधी पैसे भरून वीज घेण्याच्या) स्मार्ट मीटरला तीव्र विरोध झाल्यावर 2024 मध्ये सर्वसामान्य ग्राहकांवर असा मीटर न लादण्याची घोषणा झाली.