चतुरपंडितांची साक्ष

लखनौच्या कैसरबागेत 1926 साली मॅरिस कॉलेज हे संगीतविद्यालय सुरू झाले. त्याच्या अभ्यासक्रमाचा पाया मुंबईत वकिली केलेल्या विष्णु नारायण भातखंडे (1860–1936) यांनी आधीच घातला होता. पुराव्याविना काही मान्य करायचे नाही, ही त्यांची शिस्त. तिच्याच बळावर त्यांनी दाखवून दिले की ‘संगीतरत्नाकरा’सारखे प्राचीन ग्रंथ प्रचलित हिंदुस्थानी गायनाला लागू पडत नाहीत, प्रमाण मानायचे ते ‘लक्ष्य’, म्हणजे प्रत्यक्ष गायिले जाणारे संगीत.

आणि हे सांगण्यासाठी त्यांनी नवा संस्कृत ग्रंथच रचला. ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ 1910 च्या सुमारास ‘चतुरपंडित’ या नावाने प्रसिद्ध झाला. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ या मराठी संवादग्रंथात गुरू शिष्याला त्याच चतुरपंडितांचे श्लोक आधार म्हणून ऐकवतो. वकील स्वतःचीच साक्ष दुसऱ्याच्या नावाने नोंदवतो आहे. श्लोकाविना शास्त्र न मानणाऱ्या विद्वत्समाजापुढचा हा डावपेच होता, असे म्हणता येईल, आणि तेवढ्यापुरते ते विवेकाचेच लक्षण ठरेल.

थाटांविषयी मात्र तसे म्हणवत नाही. वेंकटमखीच्या 72 मेळांचा आदर्श समोर ठेवून भातखंड्यांनी सारे राग 10 थाटांत बसवले. थाट ठरतो स्वरांवरून. पण भूप आणि देशकार या दोहोंचे पाच स्वर तेच. मध्यम आणि निषाद दोहोंतही वर्ज्य. तरीही भूप कल्याण थाटात, देशकार बिलावलात! स्वरांच्या नियमातून हा निर्णय निघूच शकत नाही. तो दिला कानाने, चलन ओळखणाऱ्या मुरलेल्या कानाने, आणि लिहिला गेला नियमाच्या नावावर. परक्या ग्रंथांची उलटतपासणी करणारी बुद्धी आपल्या कोष्टकापाशी येऊन थबकली.

कॅनडातील मानसशास्त्रज्ञ कीथ स्टॅनोविच यांनी 1990 च्या दशकात बुद्धिमत्ता आणि विवेकशीलता यांची फारकत मांडली. तीव्र बुद्धी आपल्या आवडत्या सिद्धान्ताला अधिक सफाईदार समर्थन पुरवते, एवढा भाग येथे नेमका लागू पडतो. मंदबुद्धी माणसाला भूप-देशकाराची विसंगती झाकता आली नसती. भातखंड्यांना वादी-संवादी, पूर्वांग-उत्तरांग ही सामग्री हाताशी होती.

याची किंमत तात्त्विकच होती असे नाही. ज्या बंदिशींवर ही इमारत उभी राहिली, त्यांतल्या कितीतरी जयपूरच्या मुहम्मद अली खाँ, रामपूरच्या वझीर खाँ अशा उस्तादांच्या कंठातून आल्या. ‘लक्ष्य’ त्यांचे, ‘लक्षण’ मात्र संस्कृत श्लोकाचे. ज्ञानाच्या मौखिक परंपरेला प्रमाण म्हणणाऱ्यानेच तिला लेखी साक्षीदाराविना न्यायालयात उभे राहू दिले नाही.

मॅरिस कॉलेजात 1928 पासून सुमारे तीन दशके प्राचार्य राहिलेले श्रीकृष्ण नारायण रातंजनकर हे भातखंड्यांचे पट्टशिष्य. थाटांचे शास्त्र ते गुरूकडून शिकले. गायकी घेतली ती बडोद्याला, आग्रा घराण्याच्या फैयाझ खाँ यांच्यापुढे बसून. आणि तीही भातखंड्यांच्याच सल्ल्याने.